रजिस्टर कोरं असेल तर सुरुवात तिथूनच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १२ वर्षं वॉर्ड सांभाळल्यानंतर तुमच्याकडे १०० खाटांच्या रुग्णालयातल्या गुणवत्ता विभागाची जबाबदारी आली आहे. चेकलिस्ट आहेत, समित्या आहेत, हात धुण्याची चित्रं भिंतीभिंतीवर आहेत, महिन्याला एक प्रशिक्षणही होतं. चुकांची नोंद करायचं रजिस्टर मात्र सहा महिने कोरं आहे. आणि मागच्याच महिन्यात एका रुग्णाचं इंजेक्शन दुसऱ्याला दिलं गेल्याचं जेवणाच्या सुट्टीत तुमच्या कानावर आलं. रुग्ण सुखरूप आहे. सुरक्षितता खरोखर वाढवायची तर पहिलं पाऊल कोणतं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी २७ वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो. त्यातल्या शेवटच्या ११ वर्षांत माझा बराचसा वेळ रुग्णसुरक्षेच्या कामात गेला. माझा सल्ला असा, की इतक्यात नवी चेकलिस्ट आणू नका, नवं प्रशिक्षणही ठरवू नका. ते कोरं रजिस्टर ही तुमच्या रुग्णालयातली सगळ्यात गंभीर खूण आहे. १०० खाटा भरलेल्या असतील तर दिवसाला शेकडो डोस दिले जातात. सहा महिन्यांत त्यातला एकही चुकला नाही, हे घडू शकत नाही. चुका होतात, वॉर्डातल्या लोकांना त्या माहीत असतात, आणि तुमच्यापर्यंत त्या येत नाहीत.

१९९०च्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने रुग्णालयातल्या वेगवेगळ्या युनिट्समधल्या औषधांच्या चुका मोजल्या. चांगल्या युनिटमध्ये चुका कमी दिसतील, अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. जिथे प्रमुख परिचारिका समजून घेणारी होती, टीम एकजुटीची होती, तिथेच नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथे चुका जास्त होत होत्या असं नाही, तिथे लोक त्या बोलून दाखवत होते. म्हणून व्यवस्थापनाला आजच सांगून ठेवा: पहिल्या वर्षात नोंदी वाढतील, आणि त्या वाढल्या तर काम बरोबर चाललं आहे. हे आधी सांगितलं नाही, तर तिसऱ्या महिन्याच्या बैठकीत कुणीतरी आलेख दाखवून ‘चुका का वाढल्या’ असं विचारेल आणि रजिस्टर पुन्हा कोरं होईल.

लोक का बोलत नाहीत, हे मला स्वतःवरून माहीत आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक ऑपरेशन संपत आलं होतं, उलटी थांबवणारं औषध द्यायचं होतं. ट्रेमध्ये एकाच मापाच्या दोन सिरिंज, दोन्हींवर लेबल नाही. मी स्नायू शिथिल करणारं औषध उचललं. सलाइनला जोडणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, ती दुसरी ना?” मी थांबलो. रुग्णाला काही झालं नाही. मी ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही, कुठे लिहिलीही नाही. पाच-सहा आठवड्यांनी त्याच ओ.टी.त, तशाच ट्रेमधून माझ्या एका सहकाऱ्याच्या हातून तेच घडलं आणि त्या वेळी कुणी टोकलं नाही. त्या रुग्णाला काही तास जास्त व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. मी बोललो असतो तर एका लेबलच्या चिकटपट्टीने ते टळलं असतं. थोडक्यात टळलेल्या चुकीची नोंद इतकी मोलाची का, हे मला तेव्हा कळलं. तिच्यात सगळी माहिती असते आणि कुणाला इजा झालेली नसते.

आता भीतीबद्दल. ‘कुणालाही दोष द्यायचा नाही’ असं जाहीर करून भागत नाही. लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही, आणि ते पूर्ण बरोबरही नाही. मी तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो. घाईत, थकव्यात, सारख्या दिसणाऱ्या वस्तूंमुळे हातून झालेली चूक, तिथे माणसाला धीर द्यायचा आणि व्यवस्था बदलायची. सगळ्यांनाच पडलेली एखादी जोखमीची सवय, उदाहरणार्थ दोघींनी तपासायचं औषध एकीनेच तपासून दोघींच्या सह्या करणं, तिथे आधी ती सवय का पडली ते शोधायचं. आणि धोका माहीत असून केलेली बेपर्वाई. कारवाई फक्त तिसऱ्या प्रकारात. पहिल्या दोनांत शंका वाटली तर एकच प्रश्न विचारावा: तेवढंच शिक्षण असलेली दुसरी परिचारिका त्या रात्री त्या जागी असती, तर तिच्या हातून हे झालं असतं का? उत्तर ‘होय’ असेल तर माणूस बदलून उपयोग नाही.

शिक्षेचा परिणाम किती दूर जातो, हे अमेरिकेतल्या एका प्रकरणात दिसलं. २०१७ साली एका परिचारिकेने औषधांच्या स्वयंचलित कपाटातून शामक औषधाऐवजी स्नायू लुळे करणारं औषध काढलं आणि रुग्णाचा मृत्यू झाला. चूक तिने स्वतः कबूल केली होती. २०२२ साली न्यायालयाने तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवलं. तिच्याकडून धोक्याच्या अनेक सूचना दुर्लक्षिल्या गेल्या होत्या, हे खरं आहे. पण त्या निकालानंतर कितीतरी परिचारिका ‘मग आम्ही कशाला सांगायचं?’ असं उघडपणे विचारू लागल्या. तुमच्या वॉर्डातही हाच प्रश्न न विचारता विचारला जातो आहे.

व्यवहारात काय करायचं ते सांगतो. नोंदीचा फॉर्म एका पानाचा करा, नाव लिहिणं ऐच्छिक ठेवा. पहिली नोंद आली की लिहिणाऱ्याला तुम्ही स्वतः जाऊन भेटा, आभार माना. आठवड्याच्या आत काहीतरी डोळ्यांना दिसेल असं बदला, मग ते छोटं का असेना. शेल्फावरच्या दोन बाटल्या लांब ठेवल्या, रात्री बंद असणारा दिवा बदलला. लिहिलं की काहीतरी हलतं, हे वॉर्डाला दिसलं की दुसरी नोंद आपोआप येते. पहिली दहा पत्रं फाइलला लागून गप्प बसली तर अकरावं येत नाही.

दुसरं काम: खुर्ची सोडून रात्री वॉर्डात जाऊन बसा. तुम्ही १२ वर्षं तिथेच होतात, म्हणून हे तुम्हाला अनावश्यक वाटेल. पण करत असताना जे दिसत नाही ते नुसतं बसून बघताना दिसतं. रात्री औषधं वाटायच्या वेळेला एका सिस्टरच्या मागे राहा आणि तिला किती वेळा थांबवलं जातं ते वहीत रेघा मारून मोजा. फोन, नातेवाईक, संपलेलं सलाइन, नवीन ॲडमिशन, डॉक्टरांची हाक. त्या रेघा समितीसमोर ठेवा. ‘लक्ष देऊन काम करा’ असं सांगणाऱ्या परिपत्रकापेक्षा त्या वहीतलं एक पान जास्त बोलतं.

औषधांच्या बाबतीत मला एक उदाहरण सगळ्यात शिकवणारं वाटतं. व्हिन्क्रिस्टिन हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध शिरेतूनच द्यायचं असतं. ते चुकून पाठीच्या कण्यातल्या द्रवात गेलं तर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. अनेक देशांत हे पुन्हा पुन्हा घडलं, कारण त्याच दिवशी त्याच रुग्णाला पाठीतून द्यायचं दुसरं औषधही सिरिंजमध्येच भरून येत असे. लेबलवर ठळक इशारे छापले, प्रशिक्षणं झाली, तरी मृत्यू थांबले नाहीत. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सूचना काढली, की व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये देऊच नका, सलाइनच्या छोट्या पिशवीत मिसळून द्या. पिशवी घेऊन कुणी पाठीच्या सुईपाशी जात नाही. पुढे कण्यात द्यायच्या औषधांच्या सुया आणि सिरिंज यांचे जोडच वेगळ्या मापाचे बनवले गेले, म्हणजे शिरेची सिरिंज तिथे बसणारच नाही. मी प्रत्येक चुकीकडे याच नजरेने बघतो. इथे चुकीचं करणं अशक्य करता येईल का? तेवढं जमत नसेल तर निदान अवघड?

तुमच्याकडे हे उद्यापासून लागू करता येईल. पातळ न करता शिरेत गेलं तर जीव घेणाऱ्या तीव्र पोटॅशियम क्लोराइडचे ॲम्प्युल साध्या वॉर्डातून उचलून फार्मसीत न्या आणि तयार, पातळ केलेलं सलाइनच वॉर्डात पाठवा. सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या नावांच्या औषधांची यादी वॉर्डातल्या सिस्टरांकडूनच करून घ्या, त्यांना ती तोंडपाठ असते. इन्सुलिन लिहिताना ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. रोमन लिपीतला नुसता ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० युनिटचे १०० होतात. दशांश चिन्हाआधी शून्य हवंच, म्हणजे ०.५. आणि पूर्ण आकड्यानंतर दशांश शून्य कधीच नको, कारण मधला ठिपका पुसट झाला की १.० चे १० होतात.

आणि ओळख. तुमच्याकडे झालेली चूक बहुधा इथेच घडली असावी. ‘तुम्हीच अमुक ना?’ असं विचारलं की गुंगीतला, घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा रुग्ण मान डोलावतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारायचं आणि नाव व नोंदणी क्रमांक, या दोन्ही गोष्टी मनगटाच्या पट्टीशी जुळवायच्या. खाट क्रमांक ही ओळख नव्हे, रुग्ण खाटा बदलतात.

चेकलिस्टबद्दल माझं मत थोडं कडक आहे. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या १९ मुद्द्यांच्या शस्त्रक्रिया चेकलिस्टचा आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. जगभर ती यादी पोहोचली. मग २०१४ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचे आकडे आले. तिथे ती वापरणं बंधनकारक केलं होतं, पण मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. यादी तीच होती. मला त्याचा अर्थ असा लागतो, की कागदाने रुग्ण वाचत नाही. चीर देण्याआधी सगळ्यांनी हातातलं काम थांबवून एकमेकांशी बोलणं, हे त्या यादीतलं औषध आहे. तुमच्या ओ.टी.त जाऊन फक्त एवढंच बघा: चीर देण्याआधीच्या या थांब्याला, म्हणजे टाइम-आउटला, सर्जनचे हात थांबतात का? ओ.टी.तली सर्वांत नवी सिस्टर स्वतःचं नाव मोठ्याने सांगते का? की ऑपरेशन संपल्यावर एका बैठकीत सगळ्या चौकोनांत खुणा होतात?

माणसं गप्प राहिली की काय होतं, याचं एक उदाहरण मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो. २००५ साली इंग्लंडमध्ये एक तरुण आई नाकाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना आणि मास्कनेही श्वास देता येईना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले. खोलीतल्या परिचारिकांना काय करायला हवं ते कळलं होतं. एकीने गळ्यातून श्वासमार्ग करण्याचं साहित्य आणून ठेवलं, एकीने आय.सी.यू.त खाट सांगून ठेवली. पण त्या दोन सूचना डॉक्टरांपर्यंत पोहोचल्या नाहीत. काही दिवसांनी त्या बाईंचा मृत्यू झाला. तिथे कौशल्य होतं, साधनं होती, योग्य विचारही त्या खोलीत हजर होता.

म्हणून बोलायचं कसं, हेही शिकवावं लागतं. आम्ही तीन पायऱ्या शिकवतो. पहिली, “डॉक्टर, मला काळजी वाटते आहे.” त्यावर उत्तर नाही आलं तर, “मला हे ठीक वाटत नाही.” तरीही नाही, तर “रुग्णाला धोका आहे, थांबूया.” तिसरं वाक्य ऐकलं की वयाने, पदाने कितीही मोठा माणूस असो, हात थांबले पाहिजेत, असा लेखी नियम वरिष्ठ डॉक्टरांच्या सह्यांनी लावून घ्या. यातली खरी लढाई वरिष्ठांशी आहे. कनिष्ठांना बोलायला शिकवण्याआधी ज्येष्ठांना ऐकायला तयार करा, नाहीतर पहिल्याच दिवशी बोलणारी सिस्टर अपमान सोसून परत येईल.

ड्यूटी बदलताना आणि फोनवर माहिती देतानाही हेच. ‘सर, पाच नंबरचा पेशंट बरा वाटत नाही’ या वाक्यावर झोपेतला डॉक्टर काय करणार? अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली चार टप्प्यांची पद्धत सोपी आहे: आत्ता काय झालं आहे, मागची हकीकत काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. शेवटचे दोन टप्पे परिचारिका गाळतात, कारण मत देणं हे आपलं काम नाही असं त्यांना शिकवलेलं असतं. त्यांना मत द्यायला सांगा. फोनवर सांगितलेला डोस लिहून परत वाचून दाखवायचा, हेही पक्कं करा. २०१४ साली नऊ बालरुग्णालयांत निवासी डॉक्टरांनी ठरावीक साच्यात हँडओव्हर द्यायला सुरुवात केल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. त्यासाठी नवं यंत्र घ्यावं लागलं नव्हतं.

वॉर्डातला रुग्ण बिघडतो आहे हे वेळेत ओळखण्याविषयी एकच प्रयोग सुचवतो. मागच्या आठवड्याचे चार्ट काढा आणि श्वसनाचा वेग बघा. सगळीकडे १८ आणि २० असेल तर तो कुणी मोजलेला नाही. रुग्ण ढासळायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी हाच आकडा हलतो, आणि हाच मोजला जात नाही, कारण तो दाखवणारं यंत्र साध्या वॉर्डात नसतं आणि मिनिटभर घड्याळाकडे बघत उभं राहायला वेळ नसतो. इंग्लंडमध्ये २०१२ पासून वापरात असलेली धोक्याच्या गुणांची पद्धत श्वसन, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, तापमान आणि शुद्ध यांना गुण देते, बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर त्याचेही वेगळे. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, ७ झाली की आणीबाणी. पद्धत उत्तम आहे, पण तिच्यात घातलेले आकडे खरे असतील तरच.

इथेच मनुष्यबळाचा मुद्दा येतो आणि तो टाळू नका. युरोपातल्या नऊ देशांतल्या अभ्यासात २०१४ साली दिसलं, की एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. गुणवत्ता विभागाने हे व्यवस्थापनासमोर मांडलं नाही तर कोण मांडणार? रात्री एकटीवर २५ रुग्ण टाकायचे आणि मग तिच्या चार्टात त्रुटी काढायच्या, याला मी गुणवत्ता म्हणत नाही.

संसर्गाबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेले बाळंतिणींचे मृत्यू जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले, आणि तरीही सहकाऱ्यांनी ते मानलं नाही. पुरावा पुरत नाही, पटवावं लागतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या १०३ आय.सी.यू.मध्ये ते जमलं. सेंट्रल लाइनसाठी, म्हणजे मोठ्या शिरेत घालायच्या नळीसाठी, पाचच गोष्टी: हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणं, शक्यतो मांडीची शीर टाळणं, आणि गरज संपली की लाइन काढणं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हजार कॅथेटर-दिवसांमागे (म्हणजे अशी नळी आत असलेल्या हजार दिवसांमागे) २.७ असलेला मध्यक संसर्गदर तीन महिन्यांत शून्यावर आला. लोकांना ती पाच कलमं आठवतात. मला त्यामागच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. सगळं साहित्य एकाच ट्रॉलीवर ठेवलं होतं, आणि एखादी पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला होता. हात धुण्याच्या तुमच्या चित्रांचंही तसंच. चित्र भिंतीवर आणि हँडरबची बाटली वॉर्डाच्या दाराशी असेल तर हात धुतले जाणार नाहीत. बाटली प्रत्येक खाटेशी, हाताच्या अंतरावर हवी.

रुग्ण पडणं, बेडसोर, पायातल्या रक्ताच्या गुठळ्या, या तिन्हींचे उपाय माहीतच आहेत. तिथे गरज नियमितपणाची आहे. पण सगळं एकदम हातात घेऊ नका. पहिल्या वर्षी एक वॉर्ड, दोन विषय. आकडा दर आठवड्याला त्याच वॉर्डाच्या भिंतीवर हाताने काढलेल्या आलेखावर चढवा, जिथे सफाई करणाऱ्या मावशींनाही तो दिसेल. फक्त मोजदाद नको, प्रमाण हवं, म्हणजे हजार रुग्ण-दिवसांमागे किती पडले. नाहीतर वॉर्ड रिकामा असलेल्या महिन्यात सुधारणा झाल्यासारखी वाटते.

इजा झालीच, तर रुग्णाला आणि घरच्यांना खरं सांगा, लवकर सांगा, बसून सांगा. काय घडलं, आत्ता काय करतो आहोत, पुढे काय कळवू. मी अशा बऱ्याच बैठकांना बसलो आहे. लोकांचा राग चुकीपेक्षा लपवाछपवीवर जास्त असतो. त्याच दिवशी ज्याच्या हातून चूक झाली त्याच्याकडेही कुणीतरी जा. अशा घटनेनंतर चांगली माणसं महिनोन्महिने झोपत नाहीत, काही नोकरी सोडतात. त्या रात्री त्यांना एकटं घरी पाठवू नका.

आता ते इंजेक्शन. सोमवारी त्या सिस्टरला कार्यालयात बोलावू नका, तिची ड्यूटी असेल तेव्हा तुम्ही वॉर्डात जा. ‘असं कसं झालं?’ असं विचारू नका, ‘ती रात्र कशी होती?’ असं विचारा आणि ती बोलेल तितका वेळ ऐका. मग तिची हरकत नसेल तर रजिस्टरमधली पहिली नोंद तुम्ही दोघी मिळून लिहा. तिचं नाव नको. वेळ, दोन्ही औषधं, दोन्ही खाटा, मनगटाला पट्ट्या होत्या की नव्हत्या, आणि त्या रात्री वॉर्डात किती रुग्णांमागे किती जणी होत्या, एवढं लिहा.